अंग ताठरतं तेव्हा: ईएमजी, जीएडी आणि जीन पॅनेल, कोण किती कामाचं

पोटरीत वांब येतो. पाठ फळीसारखी कडक होते. आवळलेली मूठ लगेच उघडत नाही. दार आपटलं की अख्खं शरीर ताठून माणूस खाली पडतो. या चारही तक्रारींना बोलण्यात आपण ‘अंग ताठरतं’ एवढंच म्हणतो आणि तपासणीच्या फॉर्मवरही पुष्कळदा तेवढंच उतरतं. प्रत्यक्षात त्यांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. कुठे स्नायूपेशीच्या आवरणातली क्लोराइडची वाट बंद असते, कुठे चेतातंतूचं टोक विनाकारण ठिणग्या टाकत असतं, कुठे स्नायूला ऊर्जा पुरत नाही, तर कुठे मज्जारज्जूतला ‘थांब’ म्हणणारा संदेशच क्षीण झालेला असतो.

हे शोधून काढायला तीन मोठ्या तपासण्या लिहून दिल्या जातात: ईएमजी (स्नायूत सुई घालून आतली वीज पाहणं), अँटीबॉडीची, म्हणजे शरीराच्याच घटकांवर उलटलेल्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी (त्यात मुख्य जीएडी) आणि जीन पॅनेल (एका नळीत शंभरेक जीन वाचणं). निकाल आधीच सांगायचा तर ईएमजी सगळ्यांत कामाची, पण करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. जीएडी अँटीबॉडीची तपासणी चांगली, पण तिचा आकडा नको इतका मनावर घेतला जातो. जीन पॅनेलला एक मोठं भोक आहे आणि ते रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत कबूल केलेलं असतं. तिन्हींची किंमत वाढते किंवा घटते ती फॉर्मवरच्या चार ओळींनी. ते कसं, हे पुढे येईलच.

फुकटातलं आधी

कुठल्याही यंत्राआधी हात, डोळे आणि प्रश्न. मूठ दहा सेकंद घट्ट आवळायला लावून एकदम उघडायला सांगायची. बोटं एकेक करून, डिंकात अडकल्यासारखी सुटत असतील तर मायोटोनिया, म्हणजे आवळलेला स्नायू लवकर सैल न होणं, डोक्यात आला पाहिजे. मग तेच पाच-सहा वेळा करून घ्यायचं. दर वेळी मूठ अधिक सहज सुटत गेली तर सीएलसीएन1 जीनमधल्या बिघाडाकडे, म्हणजे वंशागत मायोटोनियाच्या थॉमसेन किंवा बेकर प्रकाराकडे कल जातो. उलट दर वेळी जास्तच अडकू लागली आणि गार पाण्यात हात घातल्यावर तर पारच अडली, तर पॅरामायोटोनिया, म्हणजे एससीएन4ए जीन. डोळे घट्ट मिटून उघडायला लावले की पापण्यांतही हाच फरक दिसतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर रिफ्लेक्स हॅमरने टक्कन मारलं तर मायोटोनियात अंगठा आत वळतो आणि सावकाश, नाखुशीने परत येतो. दोन मिनिटांचं काम आहे, तरी ते न करताच रुग्ण थेट एमआरआयच्या रांगेत पोचतो, हे दुखणं जुनंच.

पाठ-पोट कडक असेल तर माणसाला उभं करून बाजूने पाहायचं. कंबरेची कमान वाढलेली, पोटाचा स्नायू बोटाला फळीसारखा लागणारा, वाकताना कंबर न मोडता नुसते खुबे वळणारे आणि अचानक टाळी वाजवली की झटका, असं चित्र असेल तर स्टिफ पर्सन सिंड्रोमचा, म्हणजे ‘थांब’ म्हणणारा संदेश क्षीण होऊन अंग कडक होण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. मेयो क्लिनिकच्या मोर्श आणि वोल्टमन यांनी 1956 मध्ये 14 रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं, ते आजही वाचताना जुनं वाटत नाही. लाखात एकालाही न होणारा हा आजार. डिसेंबर 2022 मध्ये गायिका सेलीन डिऑन यांनी आपल्याला तो असल्याचं जाहीर केल्यावर नाव घरोघरी पोचलं. नाव पोचलं की संशयही पोचतो, तो मुद्दा जीएडीच्या वेळी.

आणखी एक प्रश्न, जो सर्रास राहून जातो: झोपेत काय होतं? स्टिफ पर्सनमध्ये गाढ झोपेत स्नायू सैल पडतात. आयझॅक्स सिंड्रोममध्ये, म्हणजे चेतातंतूच उत्तेजित राहण्याच्या आजारात, झोपेतही त्वचेखाली गांडुळं वळवळल्यासारखी हालचाल चालू राहते. घरच्या माणसाने रात्री दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढला, पांघरूण बाजूला करून आणि पोटरीवर टॉर्च तिरपा धरून, तर पुढची निम्मी दिशा तिथेच ठरते.

रक्ताच्या साध्या तपासण्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही: कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, थायरॉइड, किडनी, सीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम). कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल, किंवा थायरॉइड मंदावलेली असेल, तर दुर्मीळ आजाराच्या मागे धावण्याचं कारण नाही. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे का, हेही इथेच विचारून घ्यावं. क्रमाची खबरदारी मात्र एक आहे: सीकेसाठीचं रक्त ईएमजीच्या आधी द्यावं. सुई टोचून झाल्यावर सीके थोडं वाढतं आणि मग त्या वाढीवरून नको ती चर्चा सुरू होते.

जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आखडत असेल तर यातलं काहीही करत बसायचं नाही. तो धनुर्वात असू शकतो. त्याचं निदान तपासून आणि पाहूनच होतं. लॅबच्या उत्तराची वाट पाहत थांबणं धोक्याचं.

ईएमजी: पाचपैकी साडेचार, पण अट आहे

ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालून आतली वीज पडद्यावर पाहिली जाते आणि स्पीकरवर ऐकली जाते. ताठरपणाच्या बाबतीत कान डोळ्यांइतकेच कामाला येतात. मायोटोनियाचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही: मोटारसायकलची मूठ पिळून सोडावी तसा चढत जातो आणि उतरत जातो. सुई जराशी हलवली किंवा स्नायूवर टिचकी मारली की पुन्हा सुरू. लहरींची उंचीही बदलते आणि वेगही, साधारण सेकंदाला 20 ते 150 या पट्ट्यात. आयझॅक्समधला न्यूरोमायोटोनियाचा स्फोट याहून वेगवान, 150 ते 300 हर्ट्झ. तो एकदम सुरू होतो, उंची घटत जाते आणि एकदम तुटतो. त्याच्या आगेमागे दोन-दोन, तीन-तीनच्या जोड्यांत उडणाऱ्या लहरी दिसतात. यंत्रासारखा एकसुरी, चढउतार नसलेला घरघराट हा तिसराच प्रकार. तो जुन्या चेता-स्नायू बिघाडात सापडतो आणि घाईत मायोटोनिया म्हणून लिहिला जातो. या एका चुकीमुळे पुढे जीनची महागडी तपासणी विनाकारण होते, म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ‘मायोटोनिक डिस्चार्ज’ लिहिलेलं असेल तर वेग आणि उंची बदलत होती का, हे विचारायला लाजू नये.

मॅकआर्डल (स्नायूला ऊर्जा न पुरणं) किंवा ब्रोडी (स्नायूतला कॅल्शियमचा पंप कमी पडणं) यांसारख्या वंशागत आजारांत तर ईएमजीचं सगळ्यांत बोलकं उत्तर म्हणजे शांतता. स्नायू दगडासारखा आवळलेला, माणूस कळवळतोय आणि पडद्यावर सरळ रेघ. नेहमीच्या वांबेत सुई घातली तर वीज कडकडते. इथे काहीच नाही. स्नायूला आवळायला कोणी सांगत नाहीये, त्याला सुटण्यापुरती ऊर्जा किंवा कॅल्शियम परत ओढून घेणारा पंपच कमी पडतोय. अडचण एवढीच की वांब तपासणीच्या टेबलावर यायला हवी, म्हणून तिथेच व्यायाम करवून घेण्याची तयारी असलेलं केंद्र लागतं.

आता अट. स्टिफ पर्सनसाठी ईएमजी मागवली आणि तंत्रज्ञाने नेहमीच्या पद्धतीने हातापायाचे चार स्नायू तपासून ‘नॉर्मल’ लिहिलं, तर ती तपासणी झालीच नाही असं समजावं. या आजारात एकेका लहरीचा आकार नॉर्मलच असतो. बिघाड दिसतो तो विश्रांतीतही न थांबणाऱ्या प्रवाहात आणि परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी चालू राहण्यात. म्हणून दोन चॅनेल हवेत: एक पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूत, दुसरा पोटाच्या उभ्या स्नायूत. पायात पाहायचं असेल तर नडगीपुढचा स्नायू आणि पोटरी. निरोगी माणसाने पाऊल वर ओढलं की पोटरीचा चॅनेल शांत होतो. स्टिफ पर्सनमध्ये दोन्ही रेघा एकत्र खवळतात. हे एका चॅनेलवर दिसणं शक्यच नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. पाठीचे स्नायू निरोगी माणसालाही टेबलावर पटकन सैल सोडता येत नाहीत. गार खोली, सुईची भीती, पालथं झोपून अवघडलेली कंबर, एवढ्यावर प्रवाह चालू राहतो. चांगला तपासनीस पोटाखाली उशी देतो, कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतो, पाच मिनिटं जाऊ देतो आणि मग पुन्हा पाहतो. एवढं करूनही पाठ व पोट दोन्हीकडे प्रवाह थांबला नाही, तरच त्याला अर्थ. रिपोर्टमध्ये ‘सैल करण्याचा प्रयत्न करूनही’ असे शब्द आहेत का, ते पाहा. ते नसतील तर ‘सतत प्रवाह’ या शब्दांवर फार भार टाकू नये.

तिसरी गोष्ट औषधांची, आणि सगळ्यांत जास्त रिपोर्ट यापायीच फुकट जातात. डायझेपाम, क्लोनाझेपाम किंवा बॅक्लोफेन ही स्नायू सैल करणारी औषधं घेऊन आलेल्या माणसाची ईएमजी साफ नॉर्मल येऊ शकते, कारण औषधाने तो प्रवाहच दबतो. म्हणून गोळी स्वतःहून बंद करून जायचं का? अजिबात नाही. ही औषधं एकाएकी थांबवली तर आकडी येऊ शकते, ताठरपणा उसळून येतो, आणि पंपातून मज्जारज्जूत सोडलं जाणारं बॅक्लोफेन अचानक तुटलं तर जिवावर बेतू शकतं. बरोबर रीत म्हणजे लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून तपासणी पुढच्या डोसच्या अगदी आधी ठेवणं आणि शेवटची गोळी किती वाजता, किती मिलिग्रॅमची घेतली हे फॉर्मवर टाकणं. शक्य असेल तर पहिली ईएमजी औषध सुरू करण्याआधीच उरकावी. तेवढं नियोजन केलं तर नंतरचा मोठा घोळ वाचतो.

मायोटोनियासाठी ईएमजीला एक जोड आहे, जी मागितल्याशिवाय बहुधा होत नाही: व्यायाम चाचणी. करंगळीच्या बाजूचा हातातला लहान स्नायू घ्यायचा, मनगटाशी चेतातंतूला झटका देऊन स्नायूच्या प्रतिसादाची उंची मोजायची, मग 10 ते 12 सेकंद पूर्ण जोर लावायला सांगायचं आणि लगेच, तिथून पुढे दर 10 सेकंदांनी मिनिटभर, पुन्हा मोजायचं. हे तीनदा. बेकर प्रकारात जोर लावल्यावर उंची कोसळते, भराभर सावरते आणि पुढच्या फेऱ्यांत कमी कमी कोसळते. पॅरामायोटोनियात दर फेरीला घसरण वाढत जाते आणि हात थंड केल्यावर आणखीच. म्हणजे मुठीच्या खेळात जे दिसलं तेच इथे आकड्यांत. फूर्निए यांच्या गटाने 2004 मध्ये हे नमुने मांडले. जीन तपासणीत आधी कुठला जीन पाहायचा हे त्यावरून बऱ्यापैकी ठरतं. इथे फसगत होते ती तापमानाने: हात आधीच गार असेल तर साध्या फेऱ्याही बिघडतात, म्हणून सुरुवातीला त्वचा 32 अंशांच्या वर हवी आणि थंड फेरी वेगळी, मुद्दाम केलेली हवी.

आयझॅक्सच्या संशयात साध्या नर्व्ह कंडक्शनमध्येही (चेतातंतूतून वीज कशी वाहते ते पाहणाऱ्या तपासणीत) एक खूण मिळते. चेतातंतूला एक झटका दिला की एकच प्रतिसाद यायला हवा. इथे मुख्य लहरीमागून लहान लहान लहरींची शेपटी लागते. पडद्याचा वेग नेहमीच्या मापावर ठेवला तर ती शेपटी चौकटीबाहेर जाते आणि कोणाला दिसतच नाही.

जीएडी: पाचपैकी साडेतीन, आकडा वाचता आला तर

1988 मध्ये सोलिमेना आणि सहकाऱ्यांनी स्टिफ पर्सन, अपस्मार आणि टाइप 1 मधुमेह असे तिन्ही आजार असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात जीएडी या एन्झाइमविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवल्या. हे एन्झाइम गाबा तयार करतं आणि गाबा म्हणजे मज्जासंस्थेतला ब्रेक. तेव्हापासून जीएडी-65 ही या आजाराची ओळखतपासणी झाली. साधारण 60 ते 80 टक्के रुग्णांत ती सकारात्मक येते. म्हणजे नकारात्मक आली म्हणून आजार नाही, असं नाही.

खरी गडबड सकारात्मक रिपोर्टची आहे. टाइप 1 मधुमेहातही हीच अँटीबॉडी मिळते, थायरॉइडच्या स्वप्रतिरोधी आजारांतही, आणि पूर्ण निरोगी माणसांतही थोड्या प्रमाणात. सामान्य मर्यादा 5 किंवा 10 आययू असलेल्या लॅबमधून 40 आकडा आला की कागदावर लाल अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ छापून येतं आणि घरात रडारड. स्टिफ पर्सनमध्ये एलायझा या लॅबमधल्या मोजणीच्या पद्धतीने आकडा बहुधा 10,000 आययू प्रति मिलीच्या वर जातो. 40 आणि 10,000 ही एकाच शब्दाखाली छापली जातात, हा या तपासणीचा सगळ्यांत मोठा दोष. रेडिओइम्युनो पद्धतीचं एकक आणखी वेगळं, नॅनोमोल प्रति लिटर. तिथे 20 च्या वरचा आकडा मोठा धरतात. दोन लॅबचे दोन एककांतले रिपोर्ट शेजारी ठेवून ‘कमी झालं’ किंवा ‘वाढलं’ म्हणणं निव्वळ चुकीचं.

त्यातून काही लॅब मोजपट्टी संपली की थांबतात: ‘250 पेक्षा जास्त’ किंवा ‘2000 पेक्षा जास्त’. नेमका निर्णय जिथे व्हायचा तिथेच रिपोर्ट गप्प. अशा वेळी त्याच सॅम्पलचं पातळीकरण करून, म्हणजे ते पातळ करून पुन्हा मोजून, शेवटचा आकडा द्यायला सांगावं. सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग) राखून ठेवलेलं असतं तोवर बहुतेक वेळा नव्याने रक्त द्यावं लागत नाही, फक्त ते लवकर सांगावं लागतं.

एक फसगत अशी की ती माहीत नसली तर पूर्ण निदानच वाकडं जातं. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, बोलीभाषेत आयव्हीआयजी, दिल्यानंतर रक्तात हजारो दात्यांच्या अँटीबॉडी फिरत असतात. त्यांतल्या थोड्या जीएडीविरुद्धच्याही असतात. अशा वेळी घेतलेल्या सॅम्पलमध्ये कमी पातळीचा ‘पॉझिटिव्ह’ येतो, तो रुग्णाचा नसून दात्यांचा. या प्रथिनांचं अर्धायुष्य तीनेक आठवड्यांचं, तेव्हा परिणाम काही आठवडे राहतो. अँटीबॉडीचं प्रत्येक सॅम्पल पहिल्या डोसच्या आधी काढून ठेवलं पाहिजे. उपचार घाईने सुरू करायचे असले तरी दोन जादा नळ्या सीरम काढून गोठवून ठेवायला पाच मिनिटं पुरतात.

उपचार चालू झाल्यावर दर तीन महिन्यांनी जीएडी मोजण्याची हौस काही ठिकाणी दिसते. ती व्यर्थ आहे. आकडा आणि ताठरपणाची तीव्रता यांचं नातं जुळत नाही. माणूस चालू-फिरू लागतो आणि आकडा तिथेच राहतो. चाल, पायऱ्या, दिवसातून किती वेळा पडला, याची नोंद जास्त खरी.

मेयो क्लिनिकने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा इथे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. या आजाराच्या संशयाने आलेल्या 173 जणांपैकी निदान टिकलं फक्त 48 जणांचं. नाव ऐकून, कमी पातळीचा आकडा पाहून आणि डायझेपामने बरं वाटलं म्हणून किती जणांच्या माथी हा शिक्का बसतो, याचा अंदाज त्यावरून यावा. डायझेपामने बरं वाटणं हा पुरावा धरू नये; कंबरेच्या साध्या उसणीलाही त्याने बरं वाटतं. दुसऱ्या टोकाला, खरा आजार असलेल्यांना वर्षानुवर्षं ‘मनाचं आहे’ ऐकावं लागतं. रस्ता ओलांडायची भीती, आवाजाने दचकणं, एकटं चालताना पाय गोठणं ही या आजाराचीच लक्षणं आहेत, पण ती ऐकून समोरचा थेट चिंताविकाराकडे बोट दाखवतो.

बाकीच्या अँटीबॉडी थोडक्यात. ग्लायसिन रिसेप्टरची (तोही ‘थांब’ संदेशाचाच दुवा) मागवाल तर ती पेशीवर आधारित पद्धतीनेच केलेली हवी. ताठरपणासोबत दुहेरी दिसणं, गिळायला त्रास, घाम आणि नाडीचा गोंधळ असेल तर तिचा नंबर पहिला. अँफिफायसिन या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी सकारात्मक आली तर तपासणी स्नायूंवर थांबत नाही. स्तनाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग शोधावा लागतो. मान आणि हात जास्त कडक असलेल्या स्त्रीमध्ये ही विसरू नये. आयझॅक्ससाठी कॅस्पर2 आणि एलजीआय1 या प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी अशी नावं घेऊन मागाव्यात. जुन्या यादीतली ‘व्हीजीकेसी’ ही एकत्रित तपासणी अजून काही ठिकाणी विकली जाते. ती सकारात्मक आणि वरच्या दोन्ही नकारात्मक असतील तर त्या कागदाला जवळपास अर्थ नाही. आयझॅक्सच्या बऱ्याच रुग्णांत एकही अँटीबॉडी सापडत नाही. तिथे ईएमजीच निर्णायक, आणि थायमस या छातीतल्या ग्रंथीच्या गाठीसाठी छातीचा सीटी.

जीन पॅनेल: भोक कुठे आहे

एका नळीत शंभरेक जीन वाचून देणारी सेवा ऐकायला भारी वाटते. सीएलसीएन1, एससीएन4ए, मॅकआर्डलचा पीवायजीएम, ब्रोडीचा एटीपी2ए1, दचकून ताठ होणाऱ्या बाळांमधला जीएलआरए1, हे सगळे त्यात येतात आणि चांगले वाचले जातात. पण मोठ्यांमधला सगळ्यांत सर्रास आढळणारा वंशागत मायोटोनियाचा आजार, मायोटोनिक डिस्ट्रॉफी, यातून निसटतो. त्यात अक्षर चुकलेलं नसतं. तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा छापला गेलेला असतो. डीएमपीके जीनमध्ये 34 पर्यंत आवर्तनं सामान्य, 50 आणि वर आजार, आणि ती हजारांतही जाऊ शकतात. पॅनेलचं यंत्र लहान लहान तुकडे वाचून जोडतं. तुकड्यापेक्षा लांब पुनरावृत्ती त्याला मोजता येत नाही. त्यासाठी रिपीट-प्राइम्ड पीसीआर आणि सदर्न ब्लॉट अशी वेगळी तपासणी नाव घेऊन मागावी लागते. मायोटोनिक डिस्ट्रॉफीच्या दुसऱ्या प्रकारासाठी सीएनबीपी जीन, तिथे चार अक्षरांचा तुकडा.

हे चुकलं तर नुकसान हृदयाचं होतं. मायोटोनिक डिस्ट्रॉफीत हृदयातली वीजवहन यंत्रणा हळूहळू अडते, तेव्हा ईसीजी नियमित हवा, आणि ‘पॅनेल नॉर्मल’ या दोन शब्दांवर तो राहून जातो. पन्नाशीच्या आत मोतीबिंदू, कपाळावरचे केस विरळ, लांबट चेहरा, पावलं घसटणं, यातलं काही रुग्णात किंवा त्याच्या आई-वडिलांत दिसलं तर पॅनेल बाजूला ठेवून आधी आवर्तनांची तपासणी करावी. स्वस्तही पडते.

सीएलसीएन1 चीही स्वतःची खोडी आहे. ज्युलियस थॉमसेन या डॉक्टरने 1876 मध्ये स्वतःच्या घराण्यातला जो प्रकार लिहिला तो एकाच पालकाकडून येणारा, बेकरचा दोघांकडून. जीन मात्र एकच, आणि काही बदल एका घरात पहिल्या तऱ्हेने वागतात तर दुसऱ्या घरात दुसऱ्या. त्यामुळे एकच बदल सापडला की रिपोर्ट ‘अर्थ अनिश्चित’ म्हणून हात वर करतो. अशा वेळी आई-वडिलांचे नमुने जोडावेत, आणि जीनचा अख्खा तुकडा गहाळ किंवा दुप्पट आहे का, ते पाहणारी एमएलपीए मागावी, कारण नेहमीच्या वाचनात तो बदल सुटू शकतो.

निदान पक्कं झालं की एक कागद कायम खिशात हवा: भूल देणाऱ्यासाठी. मायोटोनियाच्या रुग्णाला सक्सामेथोनियम (भूल देताना स्नायू सैल करायला दिलं जाणारं औषध) दिलं तर जबडा आणि छाती आखडून श्वासनळीत नळी घालणं अवघड होऊ शकतं.

उरलेल्या

मॅकआर्डलसाठी हाताची व्यायाम चाचणी स्वस्त आणि नेमकी आहे, फक्त दंडाला पट्टा आवळून करण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्यात स्नायू मरू शकतो. पट्ट्याविना एक मिनिट जोरात मूठ दाबायची, मग ठरावीक मिनिटांनी रक्त. लॅक्टेट वाढलं नाही आणि अमोनिया वाढला, तर उत्तर मिळालं. दोन्ही वाढले नाहीत, तर माणसाने जोरच लावला नाही. नळ्या लगेच बर्फात गेल्या नाहीत तर दोन्ही आकडे निकामी, आणि घोळ बहुधा इथेच होतो. बायॉप्सी घ्यायचीच तर नुकती ईएमजीची सुई गेलेला स्नायू टाळावा, नाहीतर सुईची जखमच सूक्ष्मदर्शकाखाली आजार म्हणून दिसते. मणक्याचा एमआरआय मज्जारज्जूवरचा दाब वगळायला हवाच, पण त्यात दिसलेली झिजलेली चकती ताठरपणाचं कारण समजून शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी दोन चॅनेलची ईएमजी झाली आहे ना, हे पाहावं.

फॉर्मवर काय लिहायचं

‘अंग ताठरते, ईएमजी करावी’ असं लिहिलं की हातापायाचे चार स्नायू आणि ‘नॉर्मल’ हेच परत येतं. त्याऐवजी असं काहीतरी:

‘आठ महिन्यांपासून पाठ व पोट कडक, आवाजाने झटके, झोपेत सैल. कण्यालगतचे छाती-कंबरेचे स्नायू व पोटाचा उभा स्नायू दोन चॅनेलवर एकाच वेळी पाहावेत. पाऊल वर ओढताना पोटरी शांत होते का ते नोंदवावे. टाइप 1 मधुमेह नाही. आयव्हीआयजी दिलेले नाही. जीएडीसाठी सीरम काढून ठेवले आहे, आकडा पातळीकरणासह द्यावा. डायझेपाम 5 मिलिग्रॅम, शेवटची गोळी काल रात्री 9 वाजता.’

मायोटोनिया असेल तर पहिल्या ओळीत ‘मूठ अडकते, पुन्हा पुन्हा केल्यावर सुटते’ किंवा ‘पुन्हा पुन्हा केल्यावर वाढते’, यातलं जे खरं असेल ते, आणि खाली ‘लघु व्यायाम चाचणी, साध्या तापमानात व हात थंड करून’. आयझॅक्स असेल तर ‘मुख्य लहरीनंतरचा भागही पडद्यावर ठेवावा’. सोबत रात्रीचा तो व्हिडिओ मोबाइलमध्ये तयार असू द्या. सुई घालण्याआधी तो पाहणारा तपासनीस मिळाला, तर कुठल्या स्नायूत सुई घालायची हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.